रुगर १०/२२ घेतलीत? या चुका टाळा

रुगर १०/२२ ही १९६४ सालापासूनची रायफल. पॉइंट टू-टूची (साधारण .२२ इंच जाडीची) स्वस्त गोळी, दहा गोळ्यांचं फिरकीचं मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी), खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. अमेरिकेत तिचे सुटे भाग इतके मिळतात, की नवा माणूस पहिली शंभर गोळी मारायच्या आधीच पाने-पेचकस काढून बसतो. मला सर्वांत जास्त चीड येते ती याचीच.

ओळखीतल्या एका नाशिकच्या मुलाने एका शनिवार-रविवारात बॅरल (नळी), ट्रिगर, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग), मॅगझिनचा खटका आणि स्कोप (नेमाची दुर्बीण) असं सगळं एकदम बदललं. पन्नास यार्डांवर पहिल्या पाच गोळ्या एकाला एक लागून, मग प्रत्येक गोळी थोडी थोडी डावीकडे. महिनाभर त्याने स्कोपला दोष दिला, दुसरा स्कोपही घेतला. शेवटी मी खिशातली डॉलरची नोट बॅरल आणि लाकडी दस्ता यांच्या फटीत सरकवली. उजवीकडे अडकली. मूळ दस्त्यातली खाच बारीक, निमुळत्या बॅरलच्या मापाची. .९२० इंची जाड बॅरल बसावं म्हणून त्याने ती घरी घासली होती, पण एका बाजूला कमी. बॅरल तापलं की दस्ता त्याला रेटायचा. एकच भाग बदलला असता, तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

मी एक भाग बदलतो, दोनशे गोळ्या मारतो, वहीत लिहितो, मगच पुढचा भाग. आणि बॅरलला हात लावण्याआधी चार-पाच प्रकारच्या गोळ्या मारून बघतो. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

या रायफलची मागची बाजू बंद, म्हणून बॅरल साफ करायला लोक तोंडाकडून गज घालतात. बॅरलच्या तोंडाची कड घासली गेली की नेम गेलाच. चेंबरकडून, म्हणजे गोळी बसते त्या मागच्या टोकाकडून, सफाईची दोरी ओढा. तीही रोज नको. बोल्ट आणि मॅगझिन मात्र नेहमी पुसा.

गोळी अडकते? आधी मॅगझिनमधली घाण बघा. मंद, सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची) गोळी असेल तर कधी कधी बोल्ट पूर्ण मागे जात नाही.

दस्त्याचा स्क्रू जीव खाऊन आवळू नका, आतले आटे ॲल्युमिनियमचे आहेत.

गोळी फुटली नाही तर बंदुकीचं तोंड टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा.

बॅरल सोळा इंचांपेक्षा आखूड कापणं हा नोंदणी नसेल तर अमेरिकी संघराज्याच्या कायद्याने गुन्हा. न्यू जर्सीत दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन चालत नाही.

आणि आपल्या मुलांनो, तुम्ही एच-वन-बी व्हिसावर असाल तर अमेरिकेतलं वैध हंटिंग लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून बंदूक बाळगणंच बेकायदा आहे. मित्राची रेंजवर दोन मिनिटं हातात घेतली, तरी तो ताबा धरला जाऊ शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका.