छोट्या गावात ताज्या फुलांचा बुके पाठवायचा असेल तर

या विषयावरचे बहुतेक सल्ले एकाच वळणाचे असतात: वेबसाइट उघडा, फोटो निवडा, पत्ता टाका, पैसे भरा. मोठ्या शहरात हे खपून जातं. तिथे घाऊक बाजार जवळ असतो, रोज पहाटे माल येतो आणि एका दुकानात नसलेलं फूल पुढच्या दुकानात मिळतं. छोट्या गावात फुलवाले एक किंवा दोन, माल आठवड्यातून दोन-तीनदा, आणि डिलिव्हरीला दुकानातलाच कुणीतरी, तेही गिऱ्हाईक नसेल तेव्हा. तिथे फोटो बघून दिलेली ऑर्डर हमखास फसते. म्हणून पुढचा क्रम.

१. दिवस ठरवा

तीन-चार दिवस आधी फोन करा. लग्नांचे दिवस, सणवार किंवा 14 फेब्रुवारी जवळ असेल तर आठवडाभर आधी. आयत्या वेळी सांगितलंत तर दुकानात उरलेलं मिळेल, दुसरं काय.

२. खरं दुकान गाठा

सगळा घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

परगावच्या फुलवाल्याकरवी फुलं पोचवायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. बर्लिनच्या माक्स ह्युबनर या फुलवाल्याने 1908 साली जर्मनीत असं जाळं सुरू केलं, पुढे त्यातूनच फ्लॉयरॉप ही फुलवाल्यांची संस्था उभी राहिली. अमेरिकेत 1910 पासून फुलवाले एकमेकांना तारेने ऑर्डरी कळवू लागले. त्या व्यवस्थेत दोन्ही टोकांना दुकानदार होते, त्यामुळे बादलीत काय आहे आणि काय नाही हे दोघांनाही कळायचं. आता मधल्या माणसाकडे पुष्कळदा दुकानच नसतं. असतं ते एक कॉल सेंटर आणि एक वेबसाइट, जिच्यावर प्रत्येक गावाच्या नावाने वेगळं पान बनवलेलं असतं. गावाचं नाव ठळक, फोटो सगळीकडे तेच. तिथे भरलेल्या पैशांतून त्यांचं कमिशन आणि सेवाशुल्क कापलं जातं. हा वाटा पाव हिश्शापर्यंत सहज जातो, आणि उरलेल्या पैशांत गावातला कुणीतरी बुके बांधतो. फोटोत 20 गुलाब होते आणि हातात 15 आले, तर फुलवाल्यावर लगेच खापर फोडू नका. बाकीचे पाच वाटेतच गळाले असतील.

म्हणून गावातल्या दुकानाचा नंबर मिळवा आणि थेट बोला. नकाशावर दुकान दिसतंय एवढ्यावर विसंबू नका. पत्त्यात इमारत आणि रस्ता आहे का, गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो आहेत का, त्यात दुकानाची पाटी आणि बादल्या दिसतात का, ते बघा. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे गुळगुळीत बुके तेवढे दिसत असतील तर ते दुकान नव्हे, जाहिरात समजा.

मग फोन लावा आणि तीन प्रश्न विचारा. दुकान कशाच्या शेजारी आहे? आज दुकानात काय काय आहे? माल कुठल्या वारी येतो? खरा दुकानदार पहिल्याचं उत्तर विचार न करता देतो. दुसऱ्याला तो मान वळवून बादल्यांकडे बघतो आणि सांगतो, 'लाल गुलाब आहेत, पिवळे संपले, जरबेरा थोडा आहे, लिली परवा येईल.' तुम्हाला नेमकं हेच ऐकायचं आहे. 'सगळं मिळेल, तुम्ही फक्त डिझाइन सांगा' हे सगळ्यात वाईट उत्तर. छोट्या गावात सगळं कुणाकडेच नसतं. असं म्हणणारा एकतर दलाल असतो किंवा बादलीत असेल ते बांधून देणारा. दोन्ही ठिकाणी फोन ठेवून द्या.

गावात फुलवालाच सापडत नसेल तर लग्नाची सजावट करणाऱ्यांना, समारंभाचा हॉल असलेल्या हॉटेलला किंवा रोपवाटिकेला फोन करून विचारा की तुम्ही फुलं कुठून आणता. त्यांचा पुरवठादार ठरलेला असतो आणि तो नकाशावर असेलच असं नाही. तोही नसेल तर जवळच्या मोठ्या गावातलं दुकान धरा, पण त्यांची गाडी तुमच्या गावाकडे कुठल्या दिवशी जाते ते आधी विचारा. एका बुकेसाठी वेगळी फेरी मारायला लावलीत तर तिचं भाडं बुकेच्या किमतीवर जातं.

३. ऑर्डर सांगताना फूल मागू नका, चौकट द्या

इंटरनेटवरचा फोटो पाठवून 'अस्साच हवा' म्हणणं बंद करा. त्या फोटोतलं निम्मं सामान त्या मोसमात नसतं आणि त्या गावात तर कधीच येत नाही. फोटो पाठवायचाच असेल तर त्यातलं नेमकं काय आवडलं तेवढं सांगा: रंग, की गोल बांधणी, की मोकळी उंच फुलं.

एकूण पैसे किती, रंग कोणता, निमित्त काय आणि काय अजिबात नको, एवढं सांगितलं की फुलवाल्याला पुरतं. वाढदिवस आणि आजारपण यांचा बुके एकसारखा बांधत नाहीत. दवाखान्यात जाणार असेल तर उग्र वासाची फुलं टाळा, आणि तिथे फुलं नेऊ देतात का तेही विचारून घ्या. अतिदक्षता विभागात सहसा नेऊ देत नाहीत. घरात मांजर असेल तर लिली सक्त नको. लिलीची पानं, पाकळ्या, परागच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं.

मग बदलाचं बोला. ठरलेलं फूल ऐनवेळी नसेल तर काय चालेल आणि काय नाही, हे आधीच स्पष्ट करा. 'लाल गुलाब कमी पडले तर मला फोन करा, मधे जरबेरा घालू नका.' हे एक वाक्य निम्म्या तक्रारी वाचवतं. मुख्य फुलं किती, तो आकडाही विचारून ठेवा. जिप्सी, म्हणजे भरीची बारीक पांढरी फुलं, आणि हिरवा पाला भरून कुठलाही बुके दुप्पट दिसतो. पाल्याला माझी हरकत नाही, पण त्याचे पैसे गुलाबाच्या भावाने द्यायचे नाहीत.

४. माल येण्याचा वार आणि डिलिव्हरीचा वार जुळवा

माल मंगळवारी आणि शुक्रवारी येत असेल तर शुक्रवारी दुपारनंतर किंवा शनिवारी बुके पाठवा. सोमवारी पाठवायचाच असेल तर टिकाऊ फुलं निवडा. बऱ्या देखभालीत कार्नेशन, शेवंती आणि ऑर्किड दोन आठवड्यांच्या आसपास टिकतात. गुलाब आणि जरबेरा साधारण आठवडाभर, आणि त्यातले तीन दिवस दुकानातच गेले तर घरी पोचून उरणार काय?

ताजेपणा फोनवर विचारून उपयोग नाही, कारण 'शिळं आहे' असं कुणीच म्हणत नाही. फुलांचा जवळून फोटो मागवा. गुलाबात कळीचा बुंधा बघा: भरलेला, घट्ट असेल तर ताजा. चिमटीत दाबल्यावर मऊ लागला तर जुना, आणि ही चाचणी दुकानदाराला करायला सांगता येते. बाहेरची एखादी पाकळी कडेला डागाळलेली असली तर घाबरू नका. ती कळीचं रक्षण करणारी पाकळी असते आणि बांधताना काढून टाकतात. जरबेऱ्यात मधल्या चकतीकडे लक्ष द्या. बाहेरच्या दोन-तीन वर्तुळांतच पराग दिसत असेल तर ठीक, सगळी चकती पिवळी-भुरभुरीत झाली असेल तर त्याचे दिवस भरले. लिलीची एक-दोन फुलं उमललेली आणि बाकी कळ्या रंग धरलेल्या हव्यात, आणि उमललेल्यांचे पराग काढून टाकायला सांगा, नाहीतर कपड्यांवर न निघणारे डाग पडतात. शेवंतीत फुलाआधी पान पिवळं पडतं. कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटायला लागल्या असतील तर ते फूल परत उमलत नाही.

दुकानात फ्रीज नाही म्हणून नाक मुरडू नका. सावलीतल्या स्वच्छ बादल्या आणि भराभर खपणारा माल चांगल्या फ्रीजपेक्षा बरा. फ्रीज असेल तर त्यात फळं नसावीत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर म्हातारी होतात, कार्नेशन तर आधी. गुलाबाला 2 ते 4 अंश सेल्सिअस मानवतं, पण त्याच गारठ्यात ऑर्किड आणि अँथुरियम काळे पडतात.

५. बुके की टोपली?

डिलिव्हरीची वेळ नक्की नसेल तर टोपली. हातात धरायच्या बुकेला पाणी नसतं. देठांच्या टोकांना ओला कापूस आणि वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली तर काही तास निभावतं, तेवढं आवर्जून सांगा. टोपलीतला हिरवा फोम, म्हणजे दुकानदाराचा 'ओअ‍ॅसिस', पाणी धरून ठेवतो. मात्र तो नीट भिजवलेला हवा. फोम पाण्यावर नुसता सोडायचा आणि आपोआप बुडू द्यायचा. घाईत हाताने दाबला की आत हवा कोंडते. वरून ओला, पोटात कोरडा. ज्या गुलाबाचा देठ त्या कोरड्या भागात जातो तो संध्याकाळपर्यंत मान टाकतो आणि शेजारचा टवटवीत राहतो. टोपलीत एक-दोनच फुलं वाकलेली दिसली की कारण बहुधा हेच असतं. एकदा खोचलेला देठ उपसून किंचित वर ओढला तरी खाली पोकळी राहते आणि पाणी तुटतं, त्यामुळे पोचल्यावर फुलांची फेरमांडणी करू नये.

ग्लॅडिओलस असेल तर उभाच न्यायला सांगा. आडवा ठेवला तर काही तासांत शेंडे वर वळतात.

६. पत्ता आणि वेळ

पत्त्याबरोबर ठळक खूण आणि घेणाऱ्याचा फोन नंबर द्या. 'सरप्राइज आहे, फोन करू नका' हा हट्ट छोट्या गावात महाग पडतो. घर सापडत नाही आणि बुके उन्हात गाडीवर फिरत राहतो. फारच गुपित ठेवायचं असेल तर शेजाऱ्याचा नंबर द्या. तो तसाही द्याच, दाराला कुलूप असलं तर उपयोगी पडतो. वेळ सांगताना 'बरोबर अकरा' म्हणू नका, 'दहा ते बारा' म्हणा आणि भर दुपार टाळा.

७. चिठ्ठी

मजकूर टाइप करून पाठवा, फोनवर सांगू नका. दोन ओळी पुरे. खाली तुमचं नाव घाला.

८. पैसे

निम्मे आधी, निम्मे बांधलेल्या बुकेचा फोटो आल्यावर. फोटो दुकानातून निघायच्या आधी हवा, पोचल्यानंतर नव्हे. त्यात फुलं मोजा.

९. पोचल्यावर

घेणाऱ्याला हे कळवून ठेवा: कागद-रिबन काढायची, धारदार सुरीने देठ तिरका दोनेक सेंटिमीटर कापायचा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं. जरबेऱ्याला पाच-सात सेंटिमीटरच पाणी, त्याचा देठ खोल पाण्यात सडतो. नाणं, अ‍ॅस्पिरिन वगैरे टाकायची गरज नाही, भांडं स्वच्छ घासलेलं असलं म्हणजे झालं. टोपली असेल तर कापाकापी नको, रोज फोमवर हळूहळू पाणी ओतायचं. एकदा पूर्ण वाळलेला फोम पुन्हा नीट भिजत नाही.

गुलाबाने मान टाकली असेल तर लगेच फेकू नका. देठात हवा अडकून पाणी वर चढत नाही, म्हणून तो वाकतो. पाण्याखाली धरून पुन्हा कापा, फुलासकट देठ वर्तमानपत्रात सरळ गुंडाळा आणि दोन-तीन तास खोल पाण्यात उभा ठेवा. पुष्कळदा सावरतो.

आणि माल खरोखर वाईट आला तर फोटो त्याच दिवशी पाठवा. तिसऱ्या दिवशी पाठवलेल्या फोटोवरून फुलं दुकानात सुकली की घरात, हे कुणालाच सांगता येत नाही. पैसे परत मागण्यापेक्षा पुढच्या मालातून नवा बुके मागा. गावातला दुकानदार सहसा त्याला नाही म्हणत नाही.