खारातली शेती: मृगाआधी उघाडीची झडप बघा

मृगाआधीच्या उधाणाला भर भरतीच्या वेळी बाहेरकाठ्यावर, म्हणजे खाडीकडच्या बांधावर, जाऊन उभे राहा आणि आपल्या उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, पाणी आत शिरते का ते बघा. बियाणे, खत, नांगर सगळे नंतर. अलिबाग-पेणच्या खारात, म्हणजे खाडीला बांध घालून केलेल्या शेतात, भात बुडालेले मी जेवढे पाहिले, त्यात रोगाने गेलेले थोडे. बाकीचे उघाडीने गेले. कुठे झडपेखाली ओंडका अडकलेला, कुठे बिजागरी गंजलेली, कुठे मासळीसाठी कोणी दगड लावून झडप उघडी ठेवलेली. रात्रीची एकच भरती पुरते.

खाडीचे पाणी बांधाने अडते, पण जमिनीतले मीठ बांधाने जात नाही. ते पावसाच्या गोड्या पाण्यात विरघळते आणि ओहोटीला उघाडीवाटे बाहेर पडते. हॉलंडमध्ये 1932 साली 32 किलोमीटरचा बांध घालून समुद्राचा अख्खा फाटा, झाउडरझे, अडवला. आयसल नदीचे पाणी आत येत राहिले, खारे पाणी दरवाज्यांतून बाहेर सोडत राहिले, आणि थोड्याच वर्षांत तिथे गोड्या पाण्याचे सरोवर झाले. हेरिंगची मासेमारी बुडाली, पण तळाची काही जमीन उपसून शेती उभी राहिली. आपल्या खारात, गोव्याच्या खाजनात (तिकडच्या खारजमिनीत) हेच काम दर पावसाळ्यात नव्याने करावे लागते. तिकडे उघाडीला मानस म्हणतात आणि पूर्वी ती सांभाळायला माणूस नेमलेला असे. आपल्याकडेही गावाने तसा एक माणूस नेमावा, त्याच्या मजुरीची वर्गणी काढावी.

झडप भरतीला घट्ट बसली पाहिजे आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजे. बांधावरची खेकड्यांची बिळे चिकणमातीने ठासून भरा. बिळाची खांड (बांधाचे भगदाड) व्हायला वेळ लागत नाही. बांधाबाहेरची तिवरे (खारफुटीची झाडे) तोडू नका, लाटेचा मार तीच झेलतात. आत मात्र दोन-चार वर्षे खारे पाणी राहिले तर शेतातच तिवरे उगवतात, आणि मग कायद्याने त्यांना हात लावता येत नाही. जमीन नावावर राहते, पीक जाते.

खाचरात निवट्या (खाडीच्या चिखलातले मासे) उड्या मारताना दिसल्या तर कुठून तरी खाडी आत येते आहे असे समजा. हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, पण माझा अंदाज सहसा चुकलेला नाही.

पहिल्या पावसाचे पाणी खाचरात दोन-तीन दिवस साठवा, ओहोटीला सोडा. असे तीन-चार वेळा झाल्याशिवाय चिखलणी नको. ‘मीठ मारणारे’ औषध विकायला दुकानदार येईल. असे औषध नसते. जिप्सम चोपण (अल्कधर्मी) जमिनीसाठी, सामू (pH) 8.5 च्या वर असेल तर. निव्वळ खारट जमिनीत त्यावर पैसे घालवू नका. आधी माती तपासून घ्या.

बाकी नेहमीचे:
- वाण: पनवेल-1, 2, 3, मिळाला तर घरचा काळा रता
- बियाणे 3 टक्के मिठाच्या पाण्यात (10 लिटरला 300 ग्रॅम) बुडवणे, तरंगणारे काढणे, दोनदा धुणे
- सावलीत सुकवून थायरम (बुरशीनाशक), किलोला 2.5 ग्रॅम
- रोपवाटिका वरकसात (उंचावरच्या जमिनीत), थोडी जास्तच
- रोपे 25 ते 30 दिवसांची, एका चुडात (एका जागी लावलेल्या जुडीत) 3-4, जवळ लावणे
- युरिया-डीएपी ब्रिकेट (खताची दाबून केलेली गोळी), चार चुडांत एक, 5 ते 7 सेंमी खोल

लावणीनंतर आणि पोटरी-फुलोऱ्यात भाताला मीठ सोसत नाही. श्रावणात पाऊस उघडला तर खाचर कोरडे पडू देऊ नका. वरचे पाणी आटले की खालचे मीठ वर चढते.

एवढे करूनही खांड गेलीच, तर त्याच ओहोटीला पाणी काढा. दोन-तीन चांगल्या सरी पडेपर्यंत खत टाकू नका. मग वरकसातली उरलेली रोपे काढून नांगे (रोपे मेलेल्या रिकाम्या जागा) भरा.