मुलांसाठी गोष्टीचं जाड पुस्तक निवडताय? या चुका टाळा

चित्रांची पुस्तकं मागे पडतात आणि पाच-दहा प्रकरणांत एकच गोष्ट पुढे नेणारं पुस्तक हातात येतं, तो काळ साधारण दुसरी ते चौथीचा. पुस्तकं सुटतात तीही याच काळात. मी आमच्या सोसायटीत बालवाचनालय चालवते आणि त्याच त्याच चुका नवनवे पालक त्याच उत्साहाने करताना बघते. एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे दर शनिवारी घसा कोरडा करायला नको.

आपल्या आठवणीतलं पुस्तक मुलाच्या माथी मारणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एका बाबांनी दुसरीतल्या लेकीला वाढदिवसाला ‘श्यामची आई’ दिलं. ‘संस्कार लवकर झालेले बरे’ हे त्यांचं म्हणणं. साने गुरुजींचं हे पुस्तक 1935 साली आलं. बेचाळीस रात्री सांगितलेल्या आठवणी आहेत त्यात. पण त्या आठवणींत घरावरचं कर्ज आहे, सावकाराच्या माणसाकडून झालेला अपमान आहे, आईचं दुखणं आहे, आणि शेवटी आई जाते. श्याम तिला भेटायला वेळेत पोचतही नाही. सात वर्षांच्या पोरीने हे एकटीने, बोट ठेवून ठेवून वाचायचं?

तिने वाचलं थोडं. शेवट शेजारच्या दादाने सांगून टाकला. त्यानंतर ती वाचनालयात यायची, पुस्तक उचलायची आणि आधी शेवटचं पान उघडायची. ‘काकू, यात आई मरते का?’ प्रत्येक पुस्तकाला हाच प्रश्न. मांजराच्या गोष्टीलासुद्धा! बाबा म्हणाले, ‘आम्ही नाही का वाचलं लहानपणी?’ विचारल्यावर कळलं, त्यांनी ते सहावीत वाचलं होतं आणि त्याआधी आजीकडून ऐकलं होतं. आपण एखादं पुस्तक कितव्या वर्षी वाचलं हे आपल्याला आठवत नाही, नुसतं भारावून जाणं आठवतं. सगळा घोटाळा तिथेच होतो.

मी तिला काही दिवस ‘बोक्या सातबंडे’ मोठ्याने वाचून दाखवलं. दिलीप प्रभावळकरांच्या या पुस्तकांत दर गोष्ट वेगळी, बोक्याचा उपद्व्याप आणि त्यातून निघालेली गंमत. ती हसायला लागल्यावर शेवटचं पान बघणं आपोआप सुटलं. ‘श्यामची आई’ द्यायचंच असेल, तर श्याम पोहायला शिकतो ती आठवण आधी तुम्ही शेजारी बसून वाचा. अख्खं पुस्तक पाचवी-सहावीला.

मुखपृष्ठावरच्या वयावर विसंबणं

‘वयोगट 8 ते 12’ असं छापलेलं असतं. आठ वर्षांचं आणि बारा वर्षांचं मूल एका रांगेत उभं करून बघा, मग बोला. शिवाय इंग्रजी माध्यमातल्या मुलांची गोष्टच निराळी. बोललेलं मराठी त्यांना सगळं कळतं, पण ‘स्वच्छ’, ‘उत्साह’, ‘आश्चर्य’ आलं की गाडी अडते. म्हणजे कानांची इयत्ता चौथी आणि डोळ्यांची दुसरी. अशा मुलाला चौथीचं पुस्तक ऐकवा आणि दुसरीचं वाचायला द्या.

माझी सवय सांगते. पुस्तक मधूनच उघडायचं आणि मुलाला एक पान मोठ्याने वाचायला सांगायचं. अडलेल्या दर शब्दाला एक बोट मिटायचं. मूठ मिटली तर पुस्तक आज नको. पहिलं पान कधीच घेऊ नका, ते बहुतेक वेळा सोपं असतं. आणि पोरगं अडखळलं की लगेच शब्द पुरवणाऱ्या आयांनी त्या वेळी बाहेर थांबलेलं बरं.

पहिल्याच दिवशी अख्खा संच घेणं

‘फास्टर फेणे’चा वीस पुस्तकांचा संच ऑनलाइन मागवायचा, कपाटात लावायचा आणि मग ‘वाचत नाही’ म्हणून रडायचं. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बन्या मला जीव की प्राण, पण तो तिसरीच्या अखेरीस किंवा चौथीत. वीस पुस्तकं एकदम समोर दिसली की मुलाला ती गोष्टी वाटत नाहीत, गृहपाठ वाटतो. एक घ्या. पहिलं प्रकरण तुम्ही वाचा, बन्याचा तो ‘ट्टॉक्’ आवाज नीट जिभेने वाजवून. तार, ट्रंककॉल असं काही आलं तर एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. दुसरं पुस्तक त्याने मागितल्यावरच.

संक्षिप्त आवृत्त्या

तीनशे पानांची कादंबरी चाळीस पानांत. घटना सगळ्या, गोष्ट गायब. कोण कुठे गेला, कोण मेला एवढंच उरतं. ‘लवकर संपतं’ हे पालकांच्या सोयीचं आहे, मुलाच्या नाही. त्यापेक्षा मुळातच छोटं लिहिलेलं पुस्तक द्या.

आणखी काही, थोडक्यात

प्रकरण संपलं की ‘यातून काय शिकलास?’ विचारू नका. तुम्हाला मालिकेचा भाग संपल्यावर कोणी विचारतं का?

‘मुलींची पुस्तकं कुठे आहेत?’ माझ्याकडे नाहीत.

बारीक टाईप आणि गच्च भरलेलं पान असेल तर कितीही थोर लेखक असो, दुसरीसाठी परत ठेवा.

तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतोय? वाचू दे. वेग त्यातूनच येतो.

विकत घेण्याआधी चाखून बघा. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. तिसऱ्या पातळीवर मूल आरामात वाचत असेल, तर छोट्या प्रकरणांचं पुस्तक द्यायला हरकत नाही.

स्वतः वाचायला लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद करणं

‘आता येतं ना त्याचं त्याला!’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अक्षरं जुळवण्यातच सगळा दम जात असेल, तर गोष्टीची मजा घ्यायला उरतं काय? चौथीपर्यंत तरी रात्री एक प्रकरण तुमच्या आवाजात होऊ दे. रंगात आलेल्या ठिकाणी थांबा, पुस्तक उशाशी ठेवा आणि दिवा दहा मिनिटं चालू राहू द्या. ‘झोप आता’ म्हणायचा मोह आवरा.

आणि पुस्तक तिसऱ्या प्रकरणात अडकलंच, तर ‘घेतलंय तर संपव’ असं म्हणू नका. पुढचं एक प्रकरण तुम्ही वाचून दाखवा. तरीही नको म्हणाला तर मुकाट्याने बंद करा आणि वाचनालयात आणून द्या. तीन-तीन महिने घरात ठेवू नका, इथे पुढचं पोर त्याच पुस्तकासाठी नंबर लावून बसलेलं असतं.