डोलकाठी मोडलेली जुनी शिडाची बोट घेताना या चुका टाळा

डोलकाठी मोडलेली बोट स्वस्तात मिळते. घेणारा मनातल्या मनात बोटीच्या किमतीत एका नव्या काठीची किंमत मिळवतो आणि खूश होतो. हा हिशेब जवळजवळ नेहमीच चुकतो, कारण काठी हा त्या खर्चातला फक्त एक भाग असतो.

काठी का पडली, हे न विचारणं

वाऱ्याने काठी मोडली असं विकणारा सांगतो. बहुतेक वेळा आधी काठीला धरून ठेवणाऱ्या तारांच्या जोडणीतला एखादा किरकोळ भाग गेलेला असतो: निसटलेल्या स्प्लिट पिनेमुळे (पाय दुमडून अडकवायची बारीक पिन) बाहेर आलेली क्लेव्हिस पिन (तार जोडणारी आडवी खीळ), चिरलेलं टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू), तारेच्या टोकाला दाबून बसवलेलं फिटिंग किंवा चेनप्लेट (तार बोटीला जोडणारी धातूची पट्टी). तो तुटलेला तुकडा मागा. फेकून दिला असेल, तर बोटीच्या दुसऱ्या बाजूचा तोच भाग तपासा. त्याचं वय तेच आणि त्याने खाल्लेलं खारं पाणीही तेच.

चेनप्लेट वरून चकचकीत दिसते, पण डेकमधून जाणारा भाग ओला राहतो आणि तिथे हवा पोहोचत नाही. स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो. तो मिळाला नाही की धातू आतून खंगतो. म्हणून निदान एक चेनप्लेट काढून पाहा. संशय असेल तर डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणारा रंग) वापरा: भाग स्वच्छ करा, लाल रंग फवारा, डब्यावर दिलेला वेळ थांबा, पुसा, वर पांढरा डेव्हलपर (चिरेतला रंग शोषून वर आणणारी पूड) मारा. चीर असेल तर लाल रेघ उमटते. मालक चेनप्लेट काढू देत नसेल, तर सगळ्या बदलायच्या असं धरूनच भाव करा.

धक्का कुठवर गेला, हे न पाहणं

वाकलेला कठडा कुणालाही दिसतो. खरं नुकसान डेकच्या आत असतं. चेनप्लेटभोवती आणि काठीच्या पायाभोवती प्लास्टिकच्या हातोडीने ठोका. भरीव भागाचा आवाज टणक येतो, कुजलेल्या किंवा सुटलेल्या भागाचा बद्द. काठी डेकवर उभी असेल, तर खालचा आधारखांब आणि त्याची बैठक पाहा. केबिनचं दार अडकत असेल, तर डेक खाली बसल्याची शंका घ्या. काठी डेकमधून थेट कीलवर (बोटीच्या तळाचा कणा) उतरत असेल, तर बिल्जच्या (तळाशी पाणी साचणारी जागा) पाण्यात उभा असलेला तिचा बुडखा तपासा. अॅल्युमिनियमवर पांढरी पूड किंवा रंगाखाली फुगे म्हणजे गंज.

पडलेली काठी तारांना लटकून हलवर (बोटीच्या कवचावर) आपटत राहिली होती का, हेही विचारा. तसं झालं असेल, तर हल बाहेरून तिरप्या उजेडात पाहा आणि आतून बल्कहेडचे (बोटीतल्या आडव्या भिंतींचे) जोड तपासा.

‘वेल्डिंग करून घेऊ’

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. काठीचं अॅल्युमिनियम बहुधा ६०६१-टी६ सारख्या उष्णताप्रक्रिया केलेल्या मिश्रधातूचं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ती प्रक्रिया उलटते आणि जोडाशेजारच्या पट्ट्यात ४० टक्के किंवा त्याहूनही अधिक बळ जातं. आडव्या चिरेवर वेल्ड म्हणजे पुढची मोड तिथेच.

दुरुस्ती करायचीच तर आतून स्लीव्ह (काठीच्या आत बसणारी नळी) घालून. खराब भाग निरोगी धातूपर्यंत काटकोनात कापा. स्लीव्ह आत घट्ट बसली पाहिजे आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना काठीच्या आडव्या छेदाच्या लांब बाजूच्या साधारण तिप्पट गेली पाहिजे. छेद १८० मि.मी. असेल तर प्रत्येक बाजूला ५४० मि.मी., म्हणजे स्लीव्ह एक मीटरहून लांब. तिची टोकं सरळ कापू नका, निमुळती करा; ताठरपणा एकदम बदलला की तिथेच चीर जाते. रिव्हेट एका ओळीत न मारता विखरून मारा आणि स्टेनलेसचा प्रत्येक स्क्रू गंजरोधक पेस्ट लावून बसवा. जोड दोन आधारांच्या मधोमध येऊ देऊ नका.

पोकळ काठीच्या भिंतीला सुरकुती पडली असेल, तर तो भाग सरळ करायच्या फंदात पडू नका, तो गेलाच. कार्बनच्या काठीत थर आतून सुटलेले असू शकतात आणि वरून काहीच दिसत नाही. ती अल्ट्रासाउंडने तपासून घ्यावी लागते. लाकडी काठी त्या मानाने सरळ आहे: कुजका भाग काढून तिरपा सांधा, जाडीच्या किमान आठपट, शक्यतो बारापट लांब.

उंची जुळली म्हणून दुसरी काठी घेणं

जुन्या काठीची उंची सारखी असली तरी तिच्या छेदाचा जडत्वाघूर्ण (वाकायला होणाऱ्या विरोधाचं माप) पुढे-मागे आणि आडवा, दोन्ही दिशांना तुमच्या बोटीला पुरेसा हवा. जड काठी घेतली तर वर वजन वाढून स्थैर्य घटतं. शिडांची मापंही जुळवा: मुख्य शिडाची उभी कड (पी) आणि तळ (ई), काठीपुढच्या शिडाच्या त्रिकोणाची उंची (आय) आणि पाया (जे). पी बदललं की असलेलं शीड निरुपयोगी.

बाकीची यादी विसरणं

बूम (मुख्य शिडाच्या तळाची आडवी काठी), स्प्रेडर (तारा काठीपासून दूर धरणारे आडवे दांडे), फर्लर (शीड गुंडाळायचं यंत्र), दोर, दिवे, अँटेना, वायरिंग, क्रेन, वाहतूक. काठी पडल्यावर एक तार तुटली तरी सगळ्या तारा आणि टर्नबकल बदलायचे. झटका सगळ्यांनीच खाल्लेला असतो. चाळीस फुटी कंटेनर आतून सुमारे १२ मीटर असतो, म्हणून लांब काठी कापून आणावी लागते. आणि जुनी काठी समुद्रात सोडून दिली असेल, तर तारांच्या लांबीला नमुनाच उरत नाही. मग मूळ नकाशा किंवा त्याच बनावटीची दुसरी बोट शोधा.

कागद आणि तपासणी

अनेक सर्व्हेअर (बोट तपासणारे) रिगिंग, म्हणजे काठी आणि तारांची जुळणी, डेकवर उभे राहूनच पाहतात. काठीसाठी वेगळा रिगर (काठी-तारांचा कारागीर) बोलवा. काठीशिवाय चाचणी फक्त इंजिनाची होते, म्हणून शिडं जमिनीवर पसरून पाहा. विमा कंपनीने आधीच भरपाई दिली असेल, तर बोट विकण्याचा हक्क नेमका कोणाचा, ते लेखी घ्या. सांधलेली काठी नवीन विम्यात चालेल का, हेही पैसे देण्याआधी विचारा.

तारा अंदाजाने ताणणं

काठी उभी केल्यावर तार हाताने ओढून समाधान मानू नका. १×१९ (एकोणीस पदरी) स्टेनलेस तारेवर दोन मीटरची पट्टी वरच्या टोकाला बांधा आणि तार जेमतेम ताठ असताना पट्टीच्या खालच्या टोकापाशी तारेवर खूण करा. टर्नबकल फिरवल्यावर खूण एक मि.मी. सरकली की तारेच्या तुटण्याच्या भाराच्या पाच टक्के ताण आला. मुख्य बाजूच्या तारांना साधारण तीन ते चार मि.मी. पुरतात. प्रत्येक टर्नबकलला स्प्लिट पिन लावूनच बाहेर पडा. नवी तार सुरुवातीला सैलावते, तेव्हा पहिल्या फेरीनंतर मोजमाप पुन्हा करा.