डोक्यावर पॅनल, खाली माणसं: छावणीतल्या सोलर शेडचं काम

आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेली आमच्या खानापूर भागातली पोरं मला विचारतात, सोलरच्या कामात जावं का? जावंच. पण घराच्या स्लॅबवर पॅनल बसवता आले म्हणजे शेडचं काम आलं, असं धरू नका. मी तसं धरलं होतं.

माझं पहिलं शेडचं काम बेळगावच्या लष्करी वसाहतीत झालं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून या गावात आहे, त्यामुळे कॅम्प आम्हाला परका नाही; आत जाऊन काम करणं मात्र नवं होतं. जवानांच्या खोल्यांपासून मेसपर्यंतची पायवाट, तिच्यावर लोखंडी सांगाडा आणि पत्र्याच्या जागी पॅनल. आधी पोलीस व्हेरिफिकेशन, मग पास. फोन गेटवर जमा. पिशवीतला प्रत्येक पाना येता-जाता वहीत नोंदला जायचा, म्हणून हत्यारांची यादी आदल्या रात्रीच करून ठेवा. आत कुठे काय आहे ते बाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा.

स्लॅबवर दोन पॅनलमध्ये बोटभर फट ठेवतात. आम्ही इथेही ठेवली, आणि ठेकेदारानंही हटकलं नाही. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत एक हवालदार मेसमधून आजारी सोबत्यासाठी ताट घेऊन येत होते. थांबले आणि मला हाक मारली, "बाळा, इकडं ये. इथं उभा राहा." उभा राहिलो. फटीतली धार थेट मानेवर, तिथून शर्टात. त्यांच्या ताटातल्या आमटीत टपटप थेंब पडत होते. ते पुढे एक शब्दही बोलले नाहीत, ताटावर रुमाल टाकून निघून गेले. त्या रात्री मला झोप आली नाही. मग प्रत्येक जोडावर रबराची पट्टी, खाली अॅल्युमिनियमची पन्हळ आणि खांबालगतच्या पाइपातून पाणी गटारात, असं सगळं नव्यानं केलं. आता पॅनल बसले की टँकरच्या पाइपानं वरून पाणी मारायला लावतो आणि खाली स्वतः उभा राहतो.

पायवाट जिकडे जाते तिकडेच शेड जाणार, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड करायची सोय दर वेळी नसते. उतार कमी ठेवला तर पूर्व-पश्चिम तोंडानंही वीज फारशी घटत नाही. पण अगदीच सपाट ठेवाल तर धूळ धुऊन जात नाही. खरी अडचण झाडांची. कॅम्पातली जुनी झाडं तोडायची नाहीत, आणि एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच्यासोबत एकामागून एक जोडलेल्या साखळीतल्या सगळ्यांना फटका बसतो. सावलीच्या टप्प्यात साधा पत्रा टाका, हे माझं मत.

वाऱ्याचं गणितही वेगळं आहे. बाजू उघड्या, त्यामुळे वारा खालून शिरून छप्पर उचलायला बघतो. पाया खांबाला धरून ठेवेल इतका जड हवा. खानापूरकडच्या जांभ्यात खड्डा घट्ट राहतो. निपाणी-चिकोडीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे जांभ्यातलं माप चालणार नाही.

आता जिवाची गोष्ट. ५४० वॅटचा एक पॅनल उघड्या सर्किटला, म्हणजे त्याला काही जोडलेलं नसताना, साधारण ५० व्होल्ट दाखवतो. दहा एका साखळीत जोडले की ५००. ऊन आहे तोवर ती वीज मेन स्विचनं मरत नाही. शिवाय पॅनलची वीज डीसी असते, घरच्या एसीसारखी ती कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे चालू करंटमध्ये कनेक्टर ओढलात तर पेटलेली ठिणगी सहजी विझत नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडायचा स्विच), मग मीटरनं तपासणी, आणि मगच हात. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी जोडू नका. आतली पकड ढिली राहते आणि उन्हाळ्यात ते वितळतात. सगळ्या वायरी पाइपातून न्या आणि प्रत्येक खांबाला अर्थिंग द्या, कारण पावसात भिजलेला माणूस आधाराला हात खांबालाच लावतो.

शिकायचं कुठे, तर आयटीआयनंतर सूर्यमित्र हे सोलरचं सरकारी प्रशिक्षण घ्या आणि वायरमनचं परमिट काढून ठेवा. अर्ज कन्नडमध्ये आला तर अडू नका, सोबतच्या पोरांकडून भरून घ्या आणि चार अक्षरं शिकाही. गेटवर कागद दाखवायला लागतील ते आधार, पोलीस दाखला आणि फोटो एका फाइलीत ठेवा. पाया आणि सांगाड्याचं काम जूनच्या आत उरकायचं असतं, तेव्हा विचारायला यायचं असेल तर संक्रांतीनंतर लगेच या.