ट्रकचा परवाना काढताना
सोलापूरहून पुणे वा हैदराबादच्या मार्गावर ट्रक चालवू इच्छिणाऱ्याचे वय किमान २० वर्षे असावे आणि हलक्या मोटार वाहनाचा परवाना हाती येऊन वर्ष उलटलेले असावे. त्याआधी परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर शिकाऊ परवान्याचा अर्ज भरून उपयोग नाही. डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा नमुना १-अ, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि पक्क्या परवान्याच्या वेळी ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना ५, म्हणजे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, लागतो. दोन्हींवरील नाव आधार कार्डाशी अक्षरशः जुळते का, हे रांगेत उभे राहण्यापूर्वीच पाहावे. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये रद्द झाली आहे, त्यामुळे त्या दाखल्याच्या नावाखाली दलालाने पैसे मागितल्यास देऊ नयेत. परवान्याची मुदत पाच वर्षे असते. पेट्रोल वा गॅसच्या टँकरसाठी मात्र तीनच, आणि तेही स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्यावर.