बाहेरच्या आणि घरच्या खाण्याच्या कॅलरी नीट कशा मोजायच्या

बर्गरमध्ये कॅलरी जास्त की घरच्या कांदेपोह्यांत असं विचारलं की सगळे लगेच बर्गर म्हणतात, पण पोहे किती खाल्ले आणि त्यात तेल किती पडलं होतं हे कुणीच सांगत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. म्हणून आधी घरच्या पदार्थाचा आकडा काढा. त्याला ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल वजनकाटा पुरतो.

पोह्यांचंच करून बघू. सगळं सामान कच्चं असतानाच मोजायचं, कारण भिजल्यावर, शिजल्यावर पाण्याने वजन वाढतं, कॅलरी तेवढ्याच राहतात. कोरडे पोहे २०० ग्रॅम म्हणजे साधारण ७०० कॅलरी, तेल ४० ग्रॅम म्हणजे ३६०, शेंगदाणे ३० ग्रॅमचे १६५ च्या आसपास, कांदा १५० ग्रॅम ६०, साखर चमचाभर २०, झाले १३०५. मग तयार पोहे कढईसकट मोजा आणि रिकाम्या कढईचं वजन वजा करा (ते एकदाच मोजून कुठेतरी लिहून ठेवा, रोज कामाला येतं). समजा पोहे ६०० ग्रॅम भरले, तर १०० ग्रॅमला २१७ पडल्या आणि तुमची प्लेट २०० ग्रॅमची असेल तर ४३५. वरून खोबरं, शेव घातली तर ती वेगळी धरा.

आता परत वर बघा, तेल पोह्यांच्या पाचवा हिस्सा आहे पण कॅलरी पोह्यांच्या निम्म्याहून जास्त! तेल-तुपाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी आणि पिठाला, साखरेला, प्रोटीनला साधारण ४, त्यामुळे मीठमिरचीचं सोडून द्या, कांद्याचा अंदाज चुकला तरी चालेल, पण तेल मोजायचंच. पळीने मोजू नका, पळ्या लहानमोठ्या असतात. तेलाची किटली काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबून शून्य करा, फोडणीला तेल ओता आणि किटली परत ठेवा, उणे ४० दिसलं म्हणजे ४० ग्रॅम गेलं. मला ही पद्धत फार आवडते, एक चमचाही खराब होत नाही.

तळणाचं असंच, तळायच्या आधी कढई तेलासकट मोजायची, तळून झाल्यावर तेल पूर्ण गार होऊ द्यायचं (गरम तेलाची कढई काट्यावर अजिबात ठेवायची नाही), तेलात पडलेला बेसनाचा चुरा काढायचा आणि परत मोजायचं, जे कमी झालं ते भागिले किती वडे तळले, म्हणजे एका वड्यातलं तेल. थोडं तेल कागदाला, झाऱ्याला लागतं, तेवढं इकडेतिकडे होणारच.

गाडीवरच्या वडापावचं तेल तुम्हाला मोजता येणार नाही, मग एक पार्सल घरी आणा, वडा वेगळा, पाव वेगळा मोजा आणि वड्याला घरच्या वड्याचा १०० ग्रॅमचा आकडा लावा. पावासाठी पॅकेटवाल्या पावाचं लेबल वापरा. अंदाजच आहे हा, पण नेटवर एकाच वडापावचे दहा आकडे सापडतात त्यापेक्षा बरा.

मोठ्या चेनवाल्यांचं सोपं आहे. दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असतील तर एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) २०२० च्या नियमांनुसार मेन्यूवर कॅलरी आणि सर्व्हिंग किती ते द्यावं लागतं. सर्व्हिंगचा आकडा नक्की वाचा, पिझ्झा असेल तर कॅलरी एका स्लाइसची आहे की पूर्ण पिझ्झाची ते बघा.

आणि तुलना पूर्ण जेवणाची करा. बर्गरसोबत फ्राइज आणि कोला घेत असाल तर तेही धरा, ३३० मिलीच्या साध्या कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १४० कॅलरी नुसत्या पिण्यातून. इकडे घरच्या पावभाजीत वरून सोडलेलं आणि पावाला लावलेलं बटरही धरायचं, १०० ग्रॅमला ७२० च्या आसपास असतं ते, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं तर तेही मोजायचं.